केस-रेकॉर्डमधला 'वापरलेला सिद्धांत' हा रकाना तुम्ही कसा भरता?

बाभूळबन (रविवार, रात्री ९:२०)

नमस्कार. तीन वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

दीड वर्षापूर्वी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झाले. सध्या बीड जिल्ह्यातल्या एका गावात ऊसतोड कुटुंबांच्या मुलांबरोबर काम करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची) गाडी येते, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेला 'कोयता' म्हणजे नवराबायकोची जोडी कोल्हापूर-सांगलीकडे नाहीतर कर्नाटकात जाते आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत येते. पाच-सहा महिने. मुलं एकतर त्यांच्याबरोबर फडावर (ऊसतोडीच्या शेतात), कोपीत (झोपडीत), नाहीतर गावात आजीकडे.

आमच्या संस्थेच्या रेकॉर्डमध्ये एक रकाना आहे, 'वापरलेला सिद्धांत'. तो रिकामा ठेवलेला चालत नाही. चौथीतला एक मुलगा आहे, त्याला बाळू म्हणू (नाव बदललंय). दिवाळीपासून शाळेत मारामाऱ्या, एका मुलाला चावला, दप्तरात दुसऱ्याच्या वस्तू सापडतात अशी गुरुजींची तक्रार. मी दोन गृहभेटी केल्या आणि रकान्यात लिहिलं: 'बोल्बी, अटॅचमेंट. आईच्या दीर्घ अनुपस्थितीमुळे असुरक्षित जोड.' (बोल्बी म्हणजे मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या घट्ट जोडीचा, अटॅचमेंटचा, सिद्धांत मांडणारा ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ.) सुपरवायझर खूश.

कॉलेजात शिकवलंय की लिहिलेलं कुटुंबाला वाचून दाखवावं. म्हणून आजीला सोप्या भाषेत सांगितलं. आजी ऐकत राहिली, मग म्हणाली, "म्हंजी माझ्या सुनंनं लेकरू टाकून दिलं, असं लिव्हलंस का गं?"

त्या दिवसापासून आजी मला बस म्हणत नाही. दारातच उभी राहून बोलते.

मला प्रामाणिकपणे विचारायचंय: फ्रॉइड, एरिकसन, मॅस्लो, दुर्खीम, मर्टन असं दोन वर्षं पाठ केलेलं तुम्ही कामात खरंच वापरता, की काम आधी करून नंतर रकान्यात नाव बसवता?

(संपादन: तालुक्याचं नाव काढलं. मर्सीकाठ, व्यनिबद्दल (व्यक्तिगत निरोपाबद्दल) धन्यवाद.)

---

चहाटपरी

पहिला रुमाल माझा.

माझी सगळी नोकरी कोर्टाच्या आवारात गेली. आमच्याकडे अटॅचमेंट म्हणजे जप्ती. त्यामुळे 'आईच्या अनुपस्थितीत असुरक्षित जप्ती' असं वाचून दोन मिनिटं डोकं धरून बसलो.

आजीनेही साधारण तेच ऐकलं असावं. कागद घेऊन कुणी दारात आलं की काहीतरी उचलून नेणार!

---

शंकेखोर

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. हे सिद्धांत म्हणजे इंग्रजीतली पत्रिका. मंगळ म्हणा नाहीतर अटॅचमेंट म्हणा, पोरगं चावायचं थांबणार नाही. पोटभर जेवण, चालू शाळा आणि अंगावर ओरडणारा पण मायाळू मास्तर, एवढं असलं की झालं. आमच्या पिढीला कुणी थिअरी लावली नव्हती.

आणि एक सिद्धांत मात्र खरोखर उपयोगाचा आहे, तो कुणी वापरत नाही. मार्शमेलोचा प्रयोग. समोरची गोळी आत्ता न खाता थांबलं तर दोन मिळतात. जी मुलं थांबली ती पुढे आयुष्यात वर आली. उचल घेऊन लग्नात उडवायची आणि मग सहा महिने राबायचं, हे थांबायला शिकवा. आईबापांनाही आणि मुलांनाही.

---

बिनभाड्याचे_घर

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

---

जुनीजाणती (सोमवार, सकाळी ६:०५)

बाभूळबन, आजी दारात का होईना बोलते आहे ना? मग अजून काही बिघडलेलं नाही.

मी ३१ वर्षं मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक होते. दरवर्षी चार-पाच विद्यार्थी फील्डवर्कला यायचे, आणि प्रत्येकाच्या वहीत रुग्णाच्या आधी थिअरी यायची. एक प्रसंग सांगते. साधारण २००५चा. टीबीचा पेशंट, बिगारी काम करणारा, महिनाभर गोळ्या घेऊन यायचा बंद झाला. विद्यार्थिनीने भेट घेतली आणि लिहिलं, 'रुग्ण नकाराच्या अवस्थेत आहे.' क्युब्लर-रॉस बाईंच्या पाच पायऱ्यांतली पहिली. मी तिला विचारलं, त्या बाईंनी १९६९च्या पुस्तकात कुणाशी बोलून त्या पायऱ्या मांडल्या? मरणाच्या दारातल्या माणसांशी. आणि हा माणूस तर बरा होणार आहे. हा कशाला नाकारतोय?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सकाळी साडेसहाला मजूर नाक्यावर गेलो. तो तिथेच उभा होता, खोकत. नाक्यावर गिऱ्हाईक येतं सात ते नऊ. डॉट्सचं केंद्र उघडायचं नऊला. तेव्हा आठवड्यातून तीन दिवस समोर बसवून गोळ्या देत. म्हणजे आठवड्यातले तीन खाडे. त्याने आजार नाकारला नव्हता, खाडे नाकारले होते.

नाक्यावरच्याच चहावाल्याला गोळ्या देण्याचं काम दिलं, आरोग्यखात्याच्या रीतसर परवानगीने. पेशंटने कोर्स पुरा केला. मुलीने रकान्यात लिहिलं, 'व्यवस्था-दृष्टिकोन'. मी म्हटलं ठीक आहे, पण आधी चहावाल्याचं नाव लिही.

तेव्हा अशा रुग्णाला कागदोपत्री 'डिफॉल्टर' म्हणत, कर्जबुडव्यासारखं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्द काढून टाकला. बरं झालं.

आता तुला एकच प्रश्न. बाळूची आई गेल्या वर्षी ऊसतोडीला गेली नव्हती का?

---

चहाटपरी

चहावाल्याचं नाव आधी! आज या आयडीचं सार्थक झालं. जुनीजाणतींना एक स्पेशल, आपल्यातर्फे.

---

मर्सीकाठ

मी लिव्हरपूलला गेली अकरा वर्षं मुलांच्या संरक्षणाच्या कामात आहे, मूळची सातारची. अटॅचमेंट हा आमच्याकडे रोजच्या भाकरीइतका चालणारा शब्द, आणि तितकाच करपवलेला. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मेरी एन्सवर्थची जी प्रसिद्ध चाचणी आहे (आई खोलीतून बाहेर जाते, अनोळखी बाई येते, आई परत येते), ती साधारण एक ते दीड वर्षाच्या बाळांसाठी आहे. नऊ वर्षांच्या मुलाला दोन गृहभेटींत 'असुरक्षित' ठरवायची सोयच तिच्यात नाही. शिवाय ती गटांचा अभ्यास करायला केलेली, एका मुलावर शिक्का मारायला नव्हे. इथे कौटुंबिक न्यायालयांत या शब्दाचा इतका वाट्टेल तसा वापर व्हायला लागला की २०२१मध्ये जगभरच्या ७० संशोधकांनी मिळून लेख लिहिला: बाबांनो, असं वापरू नका, 'एकच मुख्य माणूस' असाही याचा अर्थ घेऊ नका, मूल अनेकांशी घट्ट बांधलेलं असू शकतं. मुलं आईबापांपासून काढून घ्यायची की नाही हे जिथे ठरतं, तिथली ही गोष्ट आहे. रकाना चुकला तर इथे घर मोडतं.

आणि गंमत बघ. ज्या बोल्बीचं नाव घेऊन आपण आईला दोषी धरतो, त्याने १९५१च्या जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेल्या अहवालातच लिहून ठेवलंय की समाजाला मुलांची किंमत असेल तर त्याने आईबापांना जपलं पाहिजे. वर्गात हे वाक्य कुणी शिकवत नाही. मलाही ते नोकरीत पाच वर्षं झाल्यावर सापडलं.

आजीचं ऐकून अंगावर काटा आला. तिने तुझ्या रकान्याचं अचूक परीक्षण केलं.

---

अर्धविराम

शंकेखोर यांच्यासाठी खास. मानसशास्त्रात एमए करतोय, त्यामुळे परीक्षेचा अभ्यास म्हणून लिहितो.

मार्शमेलोची गोष्ट इतकी सरळ राहिलेली नाही. मूळची मुलं स्टॅनफर्डच्या आवारातल्या बालवाडीतली, म्हणजे बहुतेक शिकल्यासवरल्या घरची. २०१८मध्ये कितीतरी मोठ्या आणि सर्व थरांतल्या मुलांवर तोच प्रयोग करून पाहिला. घरची परिस्थिती आणि आईचं शिक्षण हिशेबात धरल्यावर 'थांबणारी मुलं पुढे जातात' यातला बराचसा भाग गळून पडला.

मला आवडतो तो रॉचेस्टरचा छोटा प्रयोग. २८ मुलं. आधी त्यांना सांगितलं, थांबा, तुम्हाला चांगले रंग आणून देतो. अर्ध्यांना खरंच आणून दिले, अर्ध्यांना 'अरेरे, संपले' सांगितलं. मग गोळी समोर ठेवली. ज्यांना शब्द पाळलेला दिसला होता ती सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती ३ मिनिटं. आता सांगा, यात संयम कुणाचा कमी आहे? देतो म्हणून न देणाऱ्या जगात पहिली गोळी खाऊन टाकणं हाच शहाणपणा.

आणि ऊसच हवा असेल तर उसाचाही अभ्यास आहे. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांची तीच बौद्धिक चाचणी तोडणीआधी, म्हणजे हात आखडलेला असताना, आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर घेतली. माणूस तोच, पण आधीचे गुण कमी, नंतरचे जास्त. २०१३ला छापून आला. चणचण स्वभावातून येत नाही. चणचणच डोकं खाऊन टाकते. तेही शेतकरी होते, तोडणी मजूर नव्हेत, हे ध्यानात ठेवून वाचावं.

---

शंकेखोर

मार्शमेलोपुरती माघार. १२ विरुद्ध ३ हे माहीत नव्हतं.

पण म्हणजे माझं मूळ म्हणणं खरंच ठरलं ना? काल ज्या थिअरीवर कंपन्यांनी वर्कशॉपं घेतली ती आज निम्मी गळाली. मग बाभूळबनताईंनी आज जी रकान्यात लिहायची ती दहा वर्षांनी गळणार नाही कशावरून?

---

मर्सीकाठ

गळेल की. म्हणूनच तर ती पत्रिका नाही. पत्रिका कधी गळालेली ऐकलीय का?

---

बिनभाड्याचे_घर

अवांतर: आमच्या एचआरने मॅस्लोचा पिरॅमिड (माणसाच्या गरजांचे थर, तळाला पोट, टोकाला आत्मसाक्षात्कार) दाखवून पगारवाढ नाकारली होती. म्हणे तुम्ही आता 'आत्मसाक्षात्काराच्या' थरात आहात, पैशांच्या वर. दिवे घ्या, पण हे खरंच घडलंय.

---

अर्धविराम

आणखी अवांतर: मॅस्लोच्या १९४३च्या लेखात पिरॅमिड नाहीच. तो नंतर व्यवस्थापनवाल्यांनी चढवला. मूळ लेखात तो स्वतःच म्हणतो की क्रम इतका पक्का नसतो.

फडावर बघा ना. पहिला थर अर्धवट असताना माणसं देवाच्या नावाने सप्ता घालतात, वर्गणी काढतात, भाच्याला घड्याळ करतात. 'आधी पोट मग मान' असं कुठल्याही वस्तीत जाऊन म्हणून दाखवावं.

---

वाकडी_वाट

सगळं वाचलं. चर्चा छान रंगलीय, पण माफ करा, मूळ दुखणं कुणी बोलत नाहीये. बाळू चावतो कारण आई नाही. आई नाही कारण उचल. उचल का, तर कोरडवाहू दोन एकरांत भागत नाही आणि साखरेला स्वस्त मजूर लागतो. आता तुम्ही बाळूला समुपदेशन देणार, आजीला पालकत्वाचं प्रशिक्षण देणार. म्हणजे सगळी दुरुस्ती घराच्या आत. मुकादमावर कुठली थिअरी लावणार? कारखान्याच्या चेअरमनचं बालपण तपासणार का?

बीडमध्ये गर्भाशय काढलेल्या बायकांचा प्रश्न २०१९ला गाजला तेव्हा सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीत खाडा पडतो, खाड्याला दंड पडतो. याला 'आरोग्याबद्दलच्या जाणिवेचा अभाव' असं नाव देणारे अहवाल मी डोळ्यांनी वाचलेत. मानसशास्त्र आत शिरलं की आधी माणूसच बिघडलेला दिसायला लागतो.

---

जुनीजाणती

वाकडी वाट, तुमचं पंचाहत्तर टक्के मान्य. उरलेल्या पंचवीस टक्क्यांचं काय करायचं ते सांगा. उद्या बाळूने कुणाचा डोळा फोडला तर मुकादमाला निवेदन देऊन भागेल? उचल बंद व्हायला वीस वर्षं लागली तर बाळू एकोणतीस वर्षांचा होईल.

मी विद्यार्थ्यांना सांगायचे, थिअरी निवडलीस की आधी हे बघ की तिच्यामुळे कुणाला बदलावं लागतंय. तुझी बदलाची यादी फक्त गरिबाच्या घरातली असेल तर थिअरी पुन्हा निवड. आणि यादीत फक्त सरकारच असेल तर तू घरी जाऊन झोपायला मोकळी, तेही नको.

---

वाकडी_वाट

'घरी जाऊन झोपायला मोकळी' लागलं. पण लागू आहे.

---

पालावरचा (मंगळवार, रात्री ११:४०)

लिहू की नको करत दोन दिवस थांबलो.

मी फासेपारधी. एमएसडब्ल्यू मीही केलंय. दुसऱ्या वर्षाला लेबलिंग थिअरी होती. हॉवर्ड बेकर, १९६३. सरांनी पुस्तकातली उदाहरणं दिली, गांजा ओढणारे आणि नाचगाण्यात वाजवणारे अमेरिकन वादक. छान शिकवलं. गुन्हा कृतीत नसतो, शिक्का मारणाऱ्याच्या नजरेत असतो, वगैरे. चाळीस मुलं लिहून घेत होती. मी शेवटच्या बाकावर. माझ्या आज्याला हजेरी द्यायला रोज चौकीवर जावं लागायचं. आमच्यावरचा शिक्का १८७१च्या 'गुन्हेगार जमाती' कायद्याचा, पुढे देशभर पसरलेला. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत होती, तिथे आमची माणसं कोंडलेली. १९५२च्या ३१ ऑगस्टला कायदा गेला आणि आम्ही 'विमुक्त' झालो. शिक्का कुठे गेला? आजही शेजारच्या गावात मोटार चोरीला गेली की पहिली गाडी पालावर येते.

वर्गात हात वर करून हे सांगावं असं वाटलं. नाही केला. सांगितलं असतं तर मी विद्यार्थी राहिलो नसतो, उदाहरण झालो असतो.

पण एक खरं. त्या थिअरीने मला एक गोष्ट दिली. लहानपणापासून वाटायचं आमच्यातच काहीतरी खोट आहे. ज्या दिवशी कळलं की या यंत्राला नाव आहे, ते दुसरीकडेही चालतं, अमेरिकेतही चालतं, त्या रात्री मी नीट झोपलो. म्हणून शंकेखोर साहेब, पत्रिका नाही म्हणणार मी. पत्रिका सांगते हे तुझ्या नशिबात होतं. हिने सांगितलं, हे कुणीतरी केलं.

बाभूळबन ताई, तुमच्या धाग्यात एक वाक्य आहे: 'दप्तरात दुसऱ्याच्या वस्तू सापडतात'. कुणाच्या? कुणी बघितल्या? त्या पोराला शाळेत 'चोर' म्हणायला लागलेत का? आई-बापाचं नंतर बघा, हे आधी बघा. चोर हा शब्द नऊ वर्षांच्या अंगाला लवकर चिकटतो.

---

मर्सीकाठ

पालावरचा, 'विद्यार्थी राहिलो नसतो, उदाहरण झालो असतो' हे मी वहीत उतरवून घेतलं. चालेल ना?

---

पालावरचा

चालेल. उदाहरण म्हणून वापरू नका, म्हणजे झालं :)

---

कापूसकोंडा

मी समाजकार्यवाला नाही. यवतमाळकडे तलाठी होतो, आता निवृत्त. पण 'रकाना' या शब्दाने इथे ओढून आणलं, कारण जन्मभर मी रकानेच भरले.

शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला द्यायच्या सरकारी मदतीचा प्रस्ताव करताना मुख्य तीन गोष्टी बघायच्या. जमीन कुटुंबाच्या नावावर आहे का, कर्ज कुणाकडून होतं, ते थकलं होतं का. जुळलं तर पात्र, एक लाख, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. नाही जुळलं तर अपात्र. बटईने करणारा अपात्र. सावकाराचं कर्ज पण कागद नाही, अपात्र. सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई मेली तर ती शेतकरीच नाही, गृहिणी. एका बाईने मला विचारलं होतं, "माहा नवरा मराले बी अपात्र हाय का साहेब?" मी शाई वाळायची वाट बघत बसलो होतो, काय बोलणार.

पोरगी अमरावतीला समाजशास्त्र शिकायला गेली तेव्हा तिचं दुर्खीम मी वाचलं, नोट्समधून. १८९७चं पुस्तक. तो म्हणतो, आत्महत्या एकेकट्याची दिसते पण तिचा दर समाजाचा असतो. माणसाला बांधून ठेवणारे नियम एकदम सैल झाले की दर चढतो. वाचून वाटलं, हा माणूस आमच्या तालुक्यात पाच वर्षं राहिला असता तर! पण मग हेही वाटलं की त्यानेही सरकारी आकड्यांवरच सगळं मांडलं. आणि आकडे कसे बनतात ते मला माहीत आहे. मीच बनवले.

तेवढंच सांगायचं होतं. रकाना भरणाऱ्याला वाटतं आपण नोंद करतोय. खरं म्हणजे आपण ठरवत असतो.

---

बिनभाड्याचे_घर

पॉपकॉर्न बाजूला ठेवले.

---

खापरपणजी

कापूसकोंडा, दंडवत.

एक भर. हे सगळे सिद्धांत परदेशी का, यावर वर कुणी बोललं नाही. आपल्याकडे समाजकार्याचं पहिलं विद्यालय १९३६ला नागपाड्यात निघालं, सर दोराबजी टाटांच्या नावाचं, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट, अमेरिकन मिशनरी. अभ्यासक्रमावर अमेरिकन केसवर्कचा ठसा त्यामुळे पहिल्यापासूनच पडला. त्यात वाईट काही नाही, पण वाटतं की महात्मा फुल्यांची 'विद्येविना मती गेली'पासून सुरू होणारी साखळी ही थिअरी नाही तर काय आहे? अविद्या हे कारण, मग मती, नीती, गती, वित्त, आणि शेवटी खचलेला माणूस. पायरीपायरीने कार्यकारण मांडलंय. आणि तपासूनही पाहिलं, शाळा काढून. पण रकान्यात 'फुले' लिहा, सुपरवायझर विचारतील, हे कुठल्या पेपरात येतं?

---

शंकेखोर

आणि 'केस' या शब्दाला कुणी हात लावणार का? आमच्याकडे केस म्हणजे पोलीस नाहीतर टक्कल.

---

चहाटपरी

तुमची केस गेलेली दिसते. हघ्या (हलके घ्या).

---

बाभूळबन (शनिवार, रात्री १०:०५)

पाच दिवस गायब होते, सॉरी. गावात रेंज नाही आणि थोडी लाजही वाटत होती.

जुनीजाणती, तुमचा तो एक ओळीचा प्रश्न डोक्यात घेऊन गेले. आई गेल्या वर्षी गेली नव्हती का? गेली होती. त्याच्या आदल्या वर्षीही. बाळू चार वर्षांचा असल्यापासून आई दरसाल जाते आणि दरसाल हा आजीकडे राहतो. मग यंदाच काय झालं, हे मी विचारलंच नव्हतं. अटॅचमेंट लिहिलं आणि माझी उत्सुकता संपली.

बुधवारी शाळा सुटल्यावर त्याच्याबरोबर पाटीवर वर्तुळं काढली. मधे तो, भोवती त्याची माणसं, ज्याच्याशी जास्त जमतं तिकडे जाड रेघ. हे कॉलेजात शिकवलेलंच तंत्र आहे, पण मी कधी पाटी-खडूवर केलं नव्हतं. आजीला एक रेघ. शेळीला दोन. आईला एक. मग एका वर्तुळाला तो रेघ ओढतच राहिला, खडू तुटेपर्यंत. मी म्हटलं हे कोण? म्हणाला, तायडी.

तायडी बारा वर्षांची. तीन हंगाम दोघं बरोबर गावात राहिली. त्याची आंघोळ, डबा, शाळेत नेणं, अभ्यास, सगळं तिचं. पावसाळ्यात घरात बाळ झालं. आई फडात मोळ्या बांधणार, तर कोपीत बाळ कोण बघणार? म्हणून यंदा तायडीला नेलं. माझ्या रेकॉर्डमध्ये तायडीचं नाव होतं. 'भावंडे: २, स्थलांतरित' एवढंच.

पालावरचा दादा, तुमचंही विचारलं. चोरलेली वस्तू म्हणजे एक गुलाबी केसांची क्लिप. वर्गातल्या एका पोराने ती त्याच्या खिशातून ओढली, 'पोरींची चोरतो' म्हणाला, हा चावला. क्लिप तायडीची. गुरुजींनी विचारलं नव्हतं, आणि मीही नाही. मी गुरुजींना सांगितलं. ते वाईट नाहीत, दोन वर्ग एकत्र सांभाळतात. काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी त्याला घंटा वाजवायला दिली.

मर्सीकाठ ताई, म्हणजे बोल्बी बरोबरच होता, नाही का? मीच माणूस चुकले होते.

आजीला हे सांगायला गेले तर ती म्हणाली, "त्याला आया दोन हायती. थोरली दरसाल जाती. धाकली यंदा गेली. हे तू आधी इचारलं असतंस तर सांगितलं नसतं का?" आणि मग म्हणाली, बस.

आता दोन कामं. बापाच्या फोनवरून तायडीशी बोलणं, ट्रॅक्टरवर चार्जिंग होतं त्या दिवशी. आणि तायडीचं शिक्षण हमी पत्रक, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत तिला बसू देतील. पण वाकडी वाट, तुम्ही म्हणाल तेच: ती शाळेत बसली तर बाळ कोण बघणार? फडावर पाळणाघर नाही. पुन्हा मुकादम, पुन्हा कारखाना. ऊसतोड मुलांसाठी सरकारने २०२१ला जाहीर केलेल्या वसतिगृहांत तायडीची सोय होईल की नाही ते विचारतेय, पण आई म्हणते आधी बाळाचं सांगा.

---

वाकडी_वाट

व्यनि केलाय. फडावरच्या पाळणाघरांसाठी काम करणाऱ्या दोन-तीन ओळखी आहेत कोल्हापूरकडे. कारखाना कुठला ते इथे लिहू नका.

---

पालावरचा

घंटा वाजवायला दिली. बरं वाटलं.

---

मर्सीकाठ

'अटॅचमेंट लिहिलं आणि माझी उत्सुकता संपली.' अगं, मी हे सोमवारी टीमच्या बैठकीत भाषांतर करून सांगणार आहे. तुझं नाव-गाव न घेता.

---

शंकेखोर

शेळीला दोन आणि आईला एक. पोराची मोजणी पक्की आहे.

ताई, ती क्लिप त्याला परत मिळाली का?

---

बाभूळबन

मिळाली. आता आजीने दोऱ्यात ओवून गळ्यात घालून दिलीय, शर्टाच्या आत.

रकाना मात्र अजून तसाच आहे. सुपरवायझरना परवा रेकॉर्ड द्यायचंय. 'अटॅचमेंट' खोडून काय लिहू? 'अटॅचमेंट (बहीण)' लिहिलं तर 'उचल' कुठल्या रकान्यात जाणार?

---

कापूसकोंडा

रकाना पुरत नसला की आम्ही पुरवणी जोडायचो. वर लिहायचं, 'सोबत स्वतंत्र पान'. साहेब लोक चिडतात पण नाकारता येत नाही.

---

जुनीजाणती (रविवार, सकाळी ५:५०)

पुरवणी उत्तम. नाव-गाव काढून मला व्यनिने पाठव. 'भावंडे: २, स्थलांतरित' ही ओळ खोडू नकोस, तशीच ठेव, त्याखाली आजीचं वाक्य तिच्याच शब्दांत लिही. आणि डाव्या बाजूला समास मोठा सोड, मला लिहायला जागा लागते.